कोपरा फाटलेले मत

॥ श्रीअनंतेश्वर प्रसन्न ॥
वर्धा, मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८७६

प्रिय अच्युत यास वासुदेवाचा सप्रेम नमस्कार.

काशीवास घेताना तू बजावून गेलास, की अनंतेश्वर संस्थानच्या भानगडीत मला पुन्हा ओढू नकोस. तरीही ओढतो आहे. तुझ्या हस्ताक्षरातले एक बंद पाकीट माझ्या देवघरात आहे, आणि त्याचे काय करावे हे मला कळेनासे झाले आहे.

ठराव तुला ठाऊक आहे. तरी पुन्हा मांडतो, म्हणजे माझेही मन निवळेल. नालवाडीचा मळा अनंतेश्वराच्या नावे आहे. नत्थूजी माळ्याने तो कसला, तिथली विहीर खणली, आणि दरड कोसळून त्याच विहिरीत तो गेला. त्याची बायको गोपिका आणि मुलगा तानबा आज तिथे वांगी, सांबाराच्या जुड्या आणि देवासाठी शेवंती पिकवतात. मळा त्यांच्या नावे करून द्यावा, असा सभासद बापूरावांचा ठराव. तो पडला तर आपले दुसरे सभासद, सिंदीचे चंद्रभान शेठ, तीच जमीन कापसाच्या जिनिंगसाठी पट्ट्याने घेणार आणि गोपिकेने पौषाअखेर मळा सोडायचा.

सभासद देवळी, सिंदी, आर्वी, नागपूर असे विखुरलेले; तू तर गंगेकाठी. म्हणून मते टपालाने मागवली. नियम मीच लिहिला. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीपर्यंत टपालात पडलेले मत ग्राह्य, मग ते हाती उशिरा आले तरी चालेल. दिवसाचा पुरावा मात्र टपालाचा शिक्का. दत्तजयंतीचे पारायण आटोपल्यावर मते मोजली. अनुकूल एकोणीस, प्रतिकूलही एकोणीस. अशा वेळी अध्यक्ष म्हणून निर्णायक मत माझे. परंतु मी आधीच सभेत सांगून बसलो होतो, की देवस्व कोणाला द्यावे वा न द्यावे या पापपुण्यात मी हात घालणार नाही. माझे काम मोजण्याचे. पौष पौर्णिमेपर्यंत बरोबरी सुटली नाही, तर ठराव पडला.

मोजणी संपवून घरी आलो, तो आमची सूनबाई शरयू खाली मान घालून म्हणाली, "मामंजी, आपलं एक टपाल गोठ्यातल्या कोनाड्यात राहिलंय. आपण सोवळ्यात होतात, म्हणून आत आणलं नाही." पाहतो तर तुझे मतपत्र. गोठ्यातल्या ओलीने शिक्क्याची शाई पसरून काळा ढग झाला आहे. गाव वाचता येत नाही, दिवस तर नाहीच. खालचा एक कोपराही गेला आहे. उंदरांनी नेला असावा. आतले पाकीट शाबूत आहे.

तेव्हा एका ओळीत कळव, की हे तू टपालात केव्हा टाकलेस? तुझा शब्द मला शिक्क्याहून मोठा आहे. सभेलाही तो मोठा वाटावा, एवढी पुण्याई तू गाठीला बांधली आहेस.

आणखी एक लिहितो; हसू नकोस. पाठशाळेत गुरुजी श्लोकाचा पूर्वार्ध माझ्याकडून म्हणवून घेत आणि उत्तरार्ध तुझ्याकडून. त्या सवयीने अजूनही सकाळच्या पाठात मी अर्ध्यावर थांबतो. तू काशीला गेल्यापासून ती जागा रिकामीच असे. पाकीट देवघरात ठेवल्यापासून ती तशी वाटत नाही. कोणीतरी श्वास घेते आणि म्हणत मात्र नाही, असे वाटते. आमची कपिला गायही त्या कोनाड्याकडे तोंड करून चरत नाही. म्हातारपणाचे खेळ, दुसरे काय.

प्रकृतीस जप. पद्मेस आशीर्वाद.

तुझा
वासुदेव

—

काशी, मार्गशीर्ष वद्य अष्टमी, शके १८७६

तीर्थस्वरूप वासुदेवकाका यांचे चरणी पद्माचा कृतानेक नमस्कार.

आपले पत्र पोचले. बाबांचे बोलणे थांबले आहे, म्हणून उत्तर मी लिहिते आहे. पत्र मी त्यांच्या आसनासमोर बसून मोठ्याने वाचले. कपिलेचे वाक्य दोनदा वाचले, कारण तशा वाक्यांना ते नेहमी हसत.

त्यांना आता कसलाही त्रास उरलेला नाही. खोकला, ज्याच्यामुळे आमच्या शेजारच्या यशोदाबाई रात्ररात्र जाग्या असत, तो पुरता थांबला.

मताविषयी आपण विचारलेत. पंचमीच्या सकाळी त्यांनी स्नान केले, दार लोटून घेतले आणि मतावर खूण केली. काय खूण केली ते मला ठाऊक नाही. पाकिटाला डिंक स्वतः लावला, वरचे नाव स्वतः घातले. मला घालू दिले नाही. मग पाकीट माझ्या हाती देऊन म्हणाले, "आजच टाक. आज शेवटचा दिवस." मी लगेच जिना उतरले.

काका, गोपिकाबाईंना मळा सोडावा लागेल का? मी सोळाव्या वर्षी माहेरी परत आले, तेव्हा त्या रोज देवासाठी शेवंतीची फुले आणून आमच्या ओट्यावर ठेवीत. देवाला लागतील त्याहून ती दोन वेण्यांपुरती जास्त असत. मला माळायची नव्हतीच. त्यांनाही ते माहीत होते. तरी वर्षानुवर्षे ती तेवढीच जास्त येत राहिली.

आपली
पद्मा

—

॥ श्रीअनंतेश्वर प्रसन्न ॥
वर्धा, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी, शके १८७६

चिरंजीव पद्मा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र सभेपुढे ठेवले. ठेवताना वाटले होते, की प्रश्न सुटला. सुटला नाही. चंद्रभान शेठ पाकीट उलटेपालटे करून म्हणाले, "शास्त्रीजी, ज्याच्यावर ठप्पा दिसत नाई ते काऊन उघडाचं? आज काशीवरून आलं, उद्या सरगातून डाक येईन. तेबी मोजसान का?"

सगळे हसले. मीही हसलो.

बापूराव उसळून म्हणाले, "ठप्पा डाकवाल्याचा असते शेठ, मत माणसाचं असते. त्याची शाई फाकली म्हणून माणूस बुडवाचा का?"

"माणूस कोन बुडवून राह्यलं? मी तं कागद बुडवून राह्यलो."

"तुमी नत्थूजीची विहीरबी बुजवूनच राह्यले ना."

दोघांचेही म्हणणे मला पटते, हीच माझी अडचण आहे. शिक्का नसलेले घेतले, तर उद्या कोणीही मोजणीचा निकाल ऐकून मागाहून मत पाठवील. नाकारले, तर ज्याने वेळेत कर्तव्य केले त्याला आमच्या गोठ्यातल्या ओलीची शिक्षा. शेवटी ठरले ते असे, की अच्युतराव स्वतः सांगतील ते प्रमाण. आणि तेवढे सोडून तुझ्या पत्रात सगळे आहे, पोरी. बंद केल्याचा दिवस आहे. टाकल्याचा दिवस नाही. लगबगीत राहून गेले असेल.

परवा नालवाडीला जाऊन आलो. गोपिका पाटाचे पाणी वाफ्यांत फिरवीत होती. मी तिला म्हटले, ठराव पडला तर संस्थान तुला दुसरीकडे जमीन पाहून देईल, मी स्वतः खटपट करीन. ती फावड्यावर हात ठेवून उभी राहिली.

"दुसरीकडं कायले जाऊ जी? माहा माणूस या विहिरीत हाये."

"अगं, त्याला वर काढून आपण अग्नी दिला. मी तिथेच उभा होतो."

"देल्ला जी. तुमी शास्त्राचं केलं. पन तो अवसेले येते. मी काठावर भाकर ठेवतो, सकाळी नसते."

"कुत्री नेत असतील."

"नेत असन. मंग कुत्र्याले कोन धाडते?"

शास्त्रार्थात आजवर मी तुझ्या वडिलांखेरीज कोणापुढे हरलो नव्हतो.

म्हणून विनंती करतो. अच्युताला बोलवत नसेल, तर हाताच्या खुणेने विचार आणि टाकल्याचा दिवस लिही. आणि एवढे माझ्यासाठी कर. गुरुजींनी अनंतेश्वरावर रचलेला श्लोक तुला ठाऊक आहे. सांजवेळी अच्युत तो म्हणत असे. मी इथे पूर्वार्ध म्हणतो, तो तू त्याला ऐकव आणि त्याच्या ओठांतून उत्तरार्ध निघतो का पाहा. निघाला, तर नुसते 'निघाला' इतकेच लिही. देवघरातला तो अर्धा श्वास मला सोसवेनासा झाला आहे.

तुझा
वासुदेवकाका

—

काशी, पौष शुद्ध प्रतिपदा, शके १८७६

तीर्थस्वरूप काका यांचे चरणी नमस्कार.

आपला पूर्वार्ध मी बाबांच्या आसनासमोर म्हटला. उत्तरार्ध निघाला नाही.

तो मला येतो. लिहून पाठवला असता, तर आपण समाधान मानले असते. पण मी लिहिला तर तो माझा होईल. त्यांचा होणार नाही.

दिवसाचे विचारता. काका, आपल्या नियमात शिक्का वाचता येत नसेल तर सभासदाच्या बाजूने मानावे, असे काही नाही का? शंकेचा फायदा देवाच्या दारी तरी दुबळ्याला मिळावा. गोपिकाबाईंच्या वाफ्यांत आता शेवंती संपत आली असेल.

इथे थंडी फार आहे. बाबांची घोंगडी मी अजून घडी करून ठेवलेली नाही.

पद्मा

—

॥ श्रीअनंतेश्वर प्रसन्न ॥
वर्धा, पौष शुद्ध पंचमी, शके १८७६

चिरंजीव पद्मा हिस आशीर्वाद.

हे पत्र मी स्नान करून लिहीत आहे. सकाळचे स्नान झाले होते. हे दुसरे.

तुझे पत्र आले तेव्हा मी देवघरात बसलो होतो आणि ते पाकीट पाटावर होते. शरयू फुले ठेवायला आली. मी सहज म्हटले, "उंदीर शिक्क्याच्या बाजूने कुरतडता, तर वादच नव्हता. नेमका दुसरा कोपरा नेला मेल्याने." ती फुलांचे तबक घेऊन तशीच उभी राहिली.

"काय झालं ग?"

"मामंजी, उंदरांनी नाही नेला."

"मग?"

"ते आलं तेव्हाच कोपरा नव्हता. प्रेमदास पोस्टमननं देतानाच सांगितलं, 'बाई, कोपरा गेलेला हाये, अंदर नका नेऊ.' म्हणून तर मी ते गोठ्यात ठेवलं. मला वाटलं, कुणाचं तरी वाईट वर्तमान आहे. आपलं पारायण मोडलं असतं. कोपरा पाहिल्यावर पुढचं वाचायला डोळे धजले नाहीत."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"आपण म्हणालात, हे मत आहे. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, बरं झालं, आपलीच चूक. अशुभ तोंडातून कशाला काढा?"

मी पाकीट उचलून उजेडाकडे धरले. मुली, उंदराच्या दातांची कड वेगळी असते. ही कड सरळ आहे. बोटांनी दुमडून, नखाने दाबून फाडलेली.

आपल्याकडे असा कोपरा मरणाची वार्ता देणाऱ्या पत्राचाच फाडतात, हे वर्ध्यातल्या लहान मुलालाही कळते. मला इतके दिवस कळले नाही. मी कळू दिले नाही, असे म्हणणे अधिक खरे.

मग तुझी पत्रे पुन्हा काढून वाचली. बोलणे थांबले आहे. कसलाही त्रास उरलेला नाही. खोकला पुरता थांबला. पत्र आसनासमोर वाचले. त्याच्यासमोर वाचले, असे तू कुठेही लिहिलेले नाहीस. एकही वाक्य खोटे नाही, आणि मला सगळे खोटे कळले. कोणाची लेक आहेस, ते दिसतेच आहे.

'मी लगेच जिना उतरले.' उतरलीस. पुढे?

मी रागावलेलो नाही. इतके दिवस मी एका गेलेल्या माणसाशी पत्रव्यवहार करीत होतो, आणि त्याची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती वेगळीच. तो गेला हे कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार दुःखाचा आला नाही. पहिला विचार असा आला, की मग हे पाकीट मोजायचे की नाही? दान देणाऱ्याने संकल्प केला, हातात उदक घेतले आणि ते सुटण्याआधी देह सुटला, तर दान झाले की राहिले? उदक दुसऱ्याच्या हातून सुटले, तर ते कोणाचे दान? यावर मी दिवसभर ग्रंथ उलटले. जो माणूस मला यावर चार वचने तोंडपाठ सांगू शकला असता, त्याच्याच पाकिटासाठी.

मला सारे लिही. तुझ्या वडिलांच्या मतासाठी विचारीत नाही. गोपिकेसाठीही नाही. मला कोणत्या दिवशी स्नान करायचे राहिले, ते कळायला हवे.

वासुदेवकाका

—

काशी, पौष शुद्ध नवमी, शके १८७६

तीर्थस्वरूप काका,

उतरले. गल्लीच्या वळणापर्यंत गेले. पाकीट पदराखाली धरले होते, दव होते म्हणून. वळणावर यशोदाबाईंनी वरच्या खिडकीतून हाक मारली, "पद्मे, वर ये." त्यांच्या आवाजातच सगळे होते. टपालाची पेटी तिथून दिसते. मी पेटीकडे पाहिले आणि मागे फिरले. ती हाक थोडी मागाहून आली असती, तर आपल्याला ही तसदी पडली नसती. पण मग मी बाबांच्या जवळ नसते. मी पोचले तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते. गंगोदक मी घातले. ते त्यांनी गिळले.

पंचमीच होती ती.

क्रियाकर्म घाटावरच्या उपाध्यांनी केले. दुसऱ्या दिवशी सागरच्या आणि जबलपूरच्या भाऊबंदांना कार्डे लिहिली. आपल्याला लिहायला घेतले आणि लेखणी थांबली. आपण मते मोजणार, गेलेल्या माणसाचे मत मोजणार नाही, असे मनात आले. आपले कार्ड कोरे ठेवले. यशोदाबाई रडत रडत कार्डांचे कोपरे फाडीत होत्या. त्यांना वाचता येत नाही. आदल्या दिवशी परत आणून कोनाड्यात ठेवलेले पाकीट मी त्या ढिगावरच ठेवले होते, एकत्रच टाकू म्हणून. मी मान वर केली, तेव्हा त्याचाही कोपरा त्यांच्या हातात होता. मी ते तसेच राहू दिले. एका अर्थी त्यांनी बरोबरच केले होते. आपल्याला वर्तमान कळवायचे मी टाळले, आणि त्यांच्या बोटांनी ते कळवून टाकले.

षष्ठीला टाकले, काका. पंचमीला नाही. शिक्का वाचता आला असता, तर आपल्याला पहिल्याच दिवशी कळले असते. आपल्या गोठ्यातल्या ओलीला मी मनातून किती नमस्कार केले, सांगू शकत नाही.

खोटे लिहिले नाही, याचा मला अभिमान वाटत होता. आपले पत्र वाचल्यावर तो गेला. बाबांच्याच शिकवणीतले खरे शब्द मी एकेक निवडून रचीत होते, आणि रचताना त्यांच्या आसनाकडे पाहवत नव्हते. यशोदाबाई म्हणतात, काशीत गेलेला मागे येत नाही. मग ते आसन रोज सकाळी बसके का दिसते? मी ते झटकून सारखे करते, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तसेच.

एक राहिले. डिंक लावून झाल्यावर मी विचारले होते, "बाबा, काय ठरवलंत?" ते हसले. म्हणाले, "पूर्वार्ध मी म्हटला आहे. उत्तरार्ध वासूचा." याचा अर्थ त्यांनी मळा द्यावा असे म्हटले की देऊ नये, ते मला खरोखर ठाऊक नाही. आपल्याइतकेच तेही देवस्वाविषयी कठोर होते, हे मी जाणते.

आता आपण मोजू नका. मोजलेत, तर ते मत माझे होईल.

पद्मा

—

॥ श्रीअनंतेश्वर प्रसन्न ॥
वर्धा, माघ शुद्ध प्रतिपदा, शके १८७६

प्रिय अच्युत यास,

हे पत्र पद्मेच्या नावच्या पाकिटात घालीत आहे. ती ते तुझ्यापर्यंत पोचवील. कसे, ते तिला सांगितले आहे.

पौष पौर्णिमेला सभा भरली. मी तुझे पाकीट सर्वांपुढे ठेवून म्हणालो, हे मत ग्राह्य नाही. बापूरावांचा चेहरा उतरला. चंद्रभान शेठ म्हणाले, "म्हनत होतो ना मी, ठप्पा नाई तं मत नाई."

मी म्हणालो, "शेठजी, शिक्का नाही म्हणून नव्हे. शिक्का नुसता अस्पष्ट असता आणि मला काही ठाऊक नसते, तर मी हे पाकीट उघडले असते. शाई फाकण्यात मत देणाऱ्याचा अपराध नसतो. पण मला दिवस ठाऊक झाला आहे. पंचमी उलटल्यावर हे टपालात पडले. आणि पडले तेव्हा अच्युतराव या लोकी नव्हते."

सभा उठून उभी राहिली. चंद्रभानांनी डोक्यावरची टोपी काढली. 'सरगातून डाक' हे आपलेच शब्द त्यांना आठवले असावेत, कारण ते पुन्हा बराच वेळ माझ्याकडे पाहू शकले नाहीत. माणूस वाईट नाही तो.

मग ते हळूच म्हणाले, "मंग शास्त्रीजी, बरोबरीच राह्यली. ठराव पडला."

"पडला नाही. माझे मत अजून शिल्लक आहे," मी म्हणालो.

"तुमी तं म्हनलं होतं, हात घालत नाई म्हनून."

"म्हटले होते. ते मागे घेतो."

अच्युत, तुझे पाकीट देवघरात ठेवून मी काय करीत होतो, ते मला त्या क्षणी दिसले. तू अनुकूल असतास तर मळा तू दिलास, प्रतिकूल असतास तर तू घेतलास. दोन्हीकडे माझे हात कोरडे. त्याला मी निःस्पृहता म्हणत होतो. एका मृताने माझ्या वाटचे उदक सोडावे, म्हणून मी त्याला दारात तिष्ठत ठेवला होता. तो अर्धा श्वास दुसरे काय होता?

मी हात वर केला. मळा गोपिकेचा झाला. देवस्व दिल्याचे पाप असेल, तर ते माझ्या एकट्याच्या नावावर. नत्थूजीने देवाला जे पाणी दिले, त्याच्या मोबदल्यात ही जमीन थोडीच आहे, असे मी देवापुढे म्हणेन. तो काय ठरवील, ते त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी गोपिका शेवटची शेवंती घेऊन आली. ओट्याच्या खालीच उभी राहून म्हणाली, "शास्त्रीबाबा, त्या काशीच्या बाबानं काय लिवलं होतं जी? माह्याकडून का माह्याइरुद्ध?"

"उघडले नाही."

"काऊन?"

"ते आता कोणी उघडायचे नाही."

तिने शेवंती ओट्यावर ठेवली. "माह्याइरुद्ध असन तरी चालते जी. पद्माबाईचा बाप होता."

काल अमावास्या. मला राहवले नाही, दिवस मावळताना नालवाडीला गेलो. विहिरीच्या काठावर दोन भाकरी होत्या. नेहमी एक असते. मी म्हटले, "गोपिके, काशीत देह ठेवणाऱ्याला पुनरागमन नाही. तो मुक्त झाला. त्याला हे लागत नाही."

ती वाफ्यातले तण काढीत होती. वर न पाहता म्हणाली, "नसन येत जी. पन आलाच तं उपाशी काऊन जाईन?"

मी काठाशी उभा राहिलो. गुरुजींच्या श्लोकाचा पूर्वार्ध म्हटला आणि थांबलो. पाणी खाली स्थिर होते. उत्तरार्ध मग मीच म्हटला. जन्मात पहिल्यांदा. शब्द सगळे आले. चाल मात्र तुझी आली, माझी नाही. मागे वळून पाहायचे धैर्य झाले नाही. तसाच बांधाने घरी आलो.

तुझे मत न उघडता सोबत परत पाठवीत आहे. पद्मा ते या पत्रासह गंगेत सोडील. तू काय लिहिले होतेस, हे आता मला कळणार नाही, आणि उरलेले दिवस त्याच्यासह काढायचे आहेत. कधी वाटते, आपण एकच श्लोक म्हटला. कधी वाटते, मी तुझ्या श्लोकाला भलताच उत्तरार्ध जोडला. तसे असेल, तर भेटीअंती गुरुजींसमोर मला खडसाव. मी मान खाली घालीन.

या पत्राचा कोपरा मी स्वतः फाडला आहे. शरयू घाबरली. म्हणाली, "मामंजी, आपल्या घरात सगळे सुखरूप असताना?" मी म्हटले, "पलीकडच्या टपालवाल्याला हीच खूण कळते."

सांत्वनाचे हे पत्र फार उशिरा निघाले आहे, अच्युत. गंगेच्या पाण्यात शाई राहणार नाही, दिवसही वाचता येणार नाही. ग्राह्य धरायचे की नाही, ते आता तू ठरव.

वासुदेव